ते वाक्य बेनकाकांचं नाहीच!

लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलात की एक गोष्ट लवकरच लक्षात येईल. कितीतरी विधानं वर्षानुवर्षं एकमेकांचं बघून उद्धृत होत राहतात, मूळ पेपर फार थोड्यांनी उघडलेला असतो. याचं माझं आवडतं उदाहरण चक्क एका कॉमिकमधलं आहे.

'अमेझिंग फँटसी', अंक 15, ऑगस्ट 1962. स्पायडर-मॅनची पहिली गोष्ट, फक्त 11 पानांची. लेखन स्टॅन ली, चित्रं स्टीव्ह डिटको. ताकद आणि जबाबदारीचं ते प्रसिद्ध वाक्य कुणाचं, असं कुणालाही विचारा. बेनकाकांचं, असंच उत्तर येईल. आता मूळ पानं बघा. काका मोजक्या चौकटींत दिसतात आणि हे वाक्य ते बोलतच नाहीत. ते आहे शेवटच्या चौकटीत, निवेदकाच्या मजकुरात. काकांच्या तोंडी ते नंतर घातलं गेलं आणि 2002च्या सिनेमाने ते तिथे पक्कं केलं.

फरक काय पडतो? माझ्या मते गोष्टच बदलते. सिनेमात काका आधी समजावतात, पोरगा ऐकत नाही. कॉमिकमध्ये पीटरला कुणी काही सांगितलेलंच नाही. चोर त्याच्यासमोरून पळत लिफ्टमध्ये शिरतो, आणि आपला काय संबंध म्हणून हा नुसता उभा राहतो. पुढे काकांचा खून डिटको दाखवतच नाही. घराबाहेर पोलिसांची गाडी, बातमी सांगणारा पोलीस, बस. मग गोदामात चोराचा चेहरा दिसतो आणि पीटर तो ओळखतो. शेवटी अंधारात दूर जाणारी एक बारीक आकृती. ते वाक्य या चित्रावर आहे. म्हणजे तो उपदेश नाही, उशिरा आलेली समज आहे.

पहिलं पानही निवांत बघा. एकीकडे पोरांचा घोळका, दुसरीकडे चष्मेवाला पीटर एकटा, मागे भलीमोठी सावली. शब्द झाकले तरी कळतं. (किरणोत्सारी कोळी चावून शक्ती येते, हे मात्र फिजिक्सवाल्यांनी सोडून द्यावं!)

आणि 'चित्रं : डिटको' एवढ्यावर मुखपृष्ठाचं भागत नाही. त्याची पेन्सिल जॅक कर्बीची, शाई डिटकोची. डिटकोने आधी स्वतः काढलेलं मुखपृष्ठ वापरलंच गेलं नाही.

या अंकाच्या मूळ चित्रांची 24 पानं आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. 2008 साली कुणीतरी ती नाव न सांगता देऊन टाकली.