गंगेकाठची ओसरी

आमच्या घरातली माणसं गंगाखेडला जायची ती तीनच कारणांनी. कुणाच्या अस्थी न्यायच्या म्हणून, धोंड्याच्या महिन्यात बुडी मारायची म्हणून, नाहीतर सोमवती अमावस्या आली म्हणून. आज्जीचं एक चौथं कारण होतं. एरवी सुनेच्या जातीला घराबाहेर पडायला निमित्त मिळायचं नाही. हे तिनंच सांगितलं, पण आजोबा गेल्यावर.

नदीचं नाव गोदावरी आहे हे मला शाळेत कळलं. घरात ती गंगाच. परभणीहून 40 किलोमीटरवर गंगाखेड, आणि मध्ये दैठणा. बैलगाडी असली की दैठण्याला रात्र काढायची. गंगाखेडला दक्षिण काशी म्हणतात. पैठणकर म्हणतात, तो मान आमचा. गंगथडीला हा वाद जुनाच आहे, आपण त्यात पडू नये.

काठावर उतरायचं कुठं, हा प्रश्न आमच्या घराला कधी पडला नाही. उपाध्यांचा वाडा ठरलेला होता. म्हणजे वाड्याची ओसरी. गाडी सोडली की उपाध्ये विचारायचे, "गाव कोणतं? कुणाच्या घरचे?" आजोबांनी आपल्या बापाचं नाव सांगितलं की ते पुढची दोन-तीन नावं स्वतःच घ्यायचे. मग सामान वर चढायचं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि येसराची पुरचुंडी. अंगणात तीन दगडांची चूल मांडून आज्जी येसराची आमटी करायची. ओल्या लुगड्यानं, धुरात, डोळे पुसत. तशी आमटी नंतर लग्नांच्या पंगतीत पुष्कळदा जेवलो. बरी असते, पण त्यात गंगेचं पाणी नसतं.

मात्र एक सांगायला हवं, कारण जुन्या गोष्टी सांगणारे हे बहुधा गाळतात. ओसरीच्या पुढं आम्ही कधी गेलो नाही. त्या वाड्यात आत किती खोल्या होत्या, मला आजही माहीत नाही. उपाध्यांच्या घरातून काही आलं तर ते द्रोणात वरून पडायचं. आणि आम्हाला निदान ओसरी तरी होती. आमच्या गाडीमागून चालत आलेला आमचा सालगडी खाली वाळवंटातच पथारी टाकायचा. पाऊस आला तर घाटाच्या पायऱ्यांवर. लहानपणी मला त्याचा हेवा वाटायचा. त्याला रात्रभर नदी दिसते आणि आपल्याला भिंत, एवढंच तेव्हा समजायचं.

हे गाव जनाबाईचं. तिची समाधी म्हणून मंदिरही आहे तिथं. दमा आणि करुंड यांची ही लेक लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवाच्या बापाच्या घरी गेली आणि जन्मभर तिथं राबली. नामदेवाचं नरसीही पूर्वी आमच्याच परभणी जिल्ह्यात, औंढ्याचा नागनाथही. 1999 साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि दोन्ही तिकडं गेले. आज्जी तोपर्यंत थकली होती. तिनं एवढंच विचारलं, "नामदेव तिकडं गेला? मग जनी कामून इकडं ठेवली?"

तिचं जनाबाईवर फार प्रेम होतं, पण भोळं नव्हतं. एकदा ओसरीवर पडल्या पडल्या म्हणाली, "जनी तरी नामदेवाच्या घरात कुठं निजत असंल रं? असंच कुठंतरी, जात्याच्या बाजूला." संतचरित्रं मी नंतर बरीच वाचली. हा प्रश्न त्यांत कुठं भेटला नाही.

आता 1948 ची गोष्ट. ती घरात इतक्यांनी इतक्या तऱ्हांनी सांगितली आहे की खरी कोणती ते देव जाणे. पणजोबा त्या उन्हाळ्यात गेले. रझाकारांचे दिवस, रस्त्यानं गाडी हाकायची सोय नव्हती. अस्थी मडक्यात घालून मळ्यातल्या पिंपळाला टांगल्या आणि तशाच राहिल्या. आजोबा तोवर निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या उमरखेडच्या कॅम्पात जाऊन बसले होते. उमरखेड वऱ्हाडात, निजामाच्या हद्दीबाहेर. तिथं त्यांनी काय केलं यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. चुलते सांगायचे, करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी जाळायला ते पुढं असत. आज्जी म्हणायची, "भाकऱ्या थापायला ठेवलं होतं त्यांना. घरी कधी तवा धरला नाही, तिथं शिकले."

13 सप्टेंबरला भारताच्या फौजा शिरल्या आणि 17 ला निजामानं हात टेकले. सगळे त्याला पोलीस ॲक्शनच म्हणत. आजोबा परतले तेव्हा पितृपंधरवडा लागत होता. म्हणजे बापाला पाणी द्यायचे दिवस आणि बाप अजून पिंपळावर! दुसऱ्या दिवशीच गाडी जुंपली. गंगा दुथडी भरलेली, घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडालेल्या. वाड्यावर गर्दी इतकी, की ओसरीवर कूस बदलायला जागा नाही. आमच्यासारखीच कित्येक घरं आपापली मडकी घेऊन आली होती, असं आज्जी सांगायची. पाऊस थांबेना, म्हणून मुक्काम लांबला. शिधा संपला. मग वाड्यातून ज्वारीच्या कण्या आणि ताक आलं, आणि त्या वेळी ते वरून पडलं नाही. उपाध्यांच्या घरच्या बाईनं पातेलंच ओसरीवर आणून ठेवलं. आज्जीला पोलीस ॲक्शनची कुठलीही तारीख सांगता यायची नाही; पातेलं पितळेचं होतं आणि त्याला एका बाजूला पोचा होता, हे ती शेवटपर्यंत सांगायची. दक्षिणा हाली शिक्क्यातच दिली. राज्य गेलं होतं, नाणं चालू होतं.

माझ्या स्वतःच्या आठवणी बहात्तरच्या दुष्काळापासून पक्क्या आहेत. गंगेच्या पात्रात लोक झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होते. आम्ही दुष्काळात वाटलेली सुकडी खाऊन मोठे झालो, त्यामुळे तिला नावं ठेवणार नाही. मग 1976 साली पैठणचं जायकवाडी पुरं झालं. वरती नाथसागर भरला, खाली आमच्या घाटाला पाणी सुटेल तेव्हा दिसू लागलं. "गंगेला तोटी बसवली बाप्पा," आज्जी म्हणाली. आता जिल्ह्यात ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे आहेत. त्यांनी पाणी अडतं, शेतं भिजतात; तक्रार नाही.

अलीकडे मी गंगाखेडला जातो ते लॉजवर उतरतो. खोलीत टीव्ही, गॅलरीतून पात्र दिसतं. रात्री वाळूचे टिप्पर जातात, तेव्हा खिडकीच्या काचा थरथरतात. काउंटरवरचा पोरगा आधार कार्ड मागतो, झेरॉक्स काढतो, किल्ली देतो. कुणाच्या घरचे, हे विचारत नाही. माझ्या वयाचे लोक याला जिव्हाळा संपला म्हणतात. मला मात्र काउंटरवर आडनावाची चौकशी झाली नाही की बरं वाटतं. शेजारच्या खोलीत कोण उतरलंय, हे त्या पोराला फक्त नंबरानं माहीत असतं. आमच्या सालगड्याचा नातू परवा आपल्या आईच्या अस्थी घेऊन आला, तेव्हा वरच्या मजल्यावर, नदीच्या बाजूची खोली घेऊन राहिला. सकाळी खाली आम्ही एकाच टेबलावर चुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली. त्याच्या मते मोहरी कमी होती.

जेवणाचं मात्र खरंच वाईट आहे. लाल रंगाची पनीरची भाजी आणि रबरासारखी रोटी. गंगथडीला ज्वारी पिकते, अंबाडी पिकते, आणि लॉजवाल्यांना भाकरी करणारी बाई मिळत नाही, म्हणे.

ज्येष्ठात शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड करत परळीकडं जाते. ती पाहायला यंदा मुक्कामी यावं म्हणून मी आधीच खोली राखून ठेवायला गेलो. पोरगा म्हणाला, "त्या रात्रीच्या खोल्या सांगता यायच्या नाहीत काका. बाया, म्हातारी माणसं आत घेतो आम्ही, आडवं व्हायला. तुम्ही गच्चीवर झोपा, पैसे नाहीत. कुणीबी झोपतं. सतरंजी तेवढी घरून आणा."