वीरकथेतल्या पाहुण्या नटी

महाड शहर सोडून रायगडाच्या वाटेला लागले, म्हणजे गडाची चढण सुरू होण्यापूर्वी पाचाड नावाचे एक लहानसे गाव लागते. आणि त्या गावी राजमाता जिजाबाईंच्या वाड्याचे अवशेष व त्यांची समाधी आहे. गडावरील गार वारा आईसाहेबांच्या उतारवयाला मानवेना, म्हणून शिवाजी महाराजांनी त्यांच्यासाठी गडाखाली हा वाडा बांधविला, अशी परंपरा आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, याच पाचाडात आईसाहेबांचे देहावसान झाले. इकडे पोलादपूर तालुक्यात उमरठ येथे तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. खुद्द पोलादपुरात ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याचे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधी आहे. आणि तेथून आंबेनळी घाट चढू लागले की प्रतापगडाचा मुलूख सुरू होतो. मराठी रंगभूमीला, चित्रपटाला आणि अलीकडे घरोघरच्या दूरचित्रवाणीला महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांनी जितक्या वीरकथा पुरविल्या, तितक्या अन्य कोणत्या दोन तालुक्यांनी क्वचितच पुरविल्या असतील. त्या कथांत पराक्रमी पुरुष कोण झाला, हे सर्वांना तोंडपाठ असते. त्यांतील स्त्रीच्या भूमिकेसाठी कोणाची निवड झाली आणि निवड करून तिला कथेत किती वेळ राहू दिले, याचा विचार मात्र फारसा कोणी केलेला नाही, आणि तो करावा असे मला मनापासून वाटते.

मुळात या मुलखाची सर्वांत प्रसिद्ध वीरकथा स्त्रीपासूनच सुरू होते. तुळशीदास शाहिराच्या नावावर असलेल्या सिंहगडाच्या पोवाड्यात जिजाबाई प्रतापगडावर हस्तिदंती फणीने केस विंचरीत असताना त्यांची दृष्टी दूरच्या कोंढाण्यावर, म्हणजे सिंहगडावर जाते; त्या पुत्राला बोलावून घेतात, त्याच्याशी सोंगट्यांचा डाव मांडतात, तो जिंकतात आणि जिंकल्याच्या बदल्यात तो किल्ला मागतात. पुढे उमरठास खलिता जातो, तानाजीचा मुलगा रायबा याचे लग्न लांबणीवर पडते, तानाजी निघतो, आणि ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री जे घडले ते महाराष्ट्राला ठाऊकच आहे. इतिहासाच्या दफ्तरात या सोंगट्यांना आधार नाही, हे मान्य. परंतु शाहिराच्या कथादृष्टीत या प्रकरणाची कर्ती कोण, याविषयी संशयाला जागा राहत नाही. परमानंदानेही आपल्या काव्यात जिजाबाईंच्या डोहाळ्यांचे वर्णन करून नायकाच्या जन्माआधीच मातेला प्रतिष्ठा दिली होती. अशा परंपरेचा वारसा ज्या कथेला लाभला, त्या कथेतील स्त्री पुढे दोन प्रवेशांपुरती येऊन जाणारी पाहुणी कशी झाली?

याचे एक उत्तर गावच्या रंगमंचावर सापडते. महाड-पोलादपूरकडील असंख्य पुरुष गिरण्यांच्या काळात मुंबईस गेले. लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्यांतून दाटीवाटीने राहिले. आणि तेथेच त्यांची ग्रामस्थ मंडळे आकाराला आली. पाळी संपवून आलेले हे चाकरमानी रात्री ऐतिहासिक नाटकाच्या तालमी करीत आणि शिमग्याला, जत्रेला किंवा सत्यनारायणाच्या पूजेच्या निमित्ताने तेच नाटक गावच्या मांडवात उभे करीत. आरंभी स्त्रीपात्रे पुरुषच वठवीत. मिसरूड न फुटलेला, आवाजाने कोवळा असा मुलगा हेरून त्याला स्त्रीपार्टी म्हणून तयार केले जाई. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगविले, तेव्हापासून चालत आलेलीच ही वहिवाट होती. पुढे काळ पालटला, प्रेक्षकांना बाई ती बाईच हवीशी झाली, आणि गावातील लेकीसुनांनी तोंडाला रंग लावणे तर लोकलज्जेच्या दृष्टीने अशक्यच. तेव्हा शहरातून व्यावसायिक नटी ठरवून आणण्याचा प्रघात पडला.

या पाहुण्या नटीचे जिणे जवळून पाहण्यासारखे असे. पुरुष मंडळी महिनोन् महिने तालमी करीत. ती मात्र सुपारी घेऊन शेवटच्या एकदोन तालमींना येई, आणि पुष्कळदा थेट प्रयोगाच्याच दिवशी एस.टी.तून उतरे. भाड्याने आणलेल्या पडद्यांची आणि ड्रेपरीच्या पेट्यांची उतराउतर चाललेली असताना ती कोणाच्या तरी पडवीत बसून संहितेवर नजर फिरवी. आज जिजाबाई, परवा दुसऱ्या गावी येसूबाई, त्यानंतर एखाद्या सामाजिक नाटकातली सोशीक सून, अशा भूमिका तिच्या जिभेवर ओळीने तयार असत. ज्याच्याशी तिचा प्रवेश असे तो शिवाजी दिवसा कापडगिरणीत साचे चालवणारा; त्याची आणि तिची ओळख रंगभूषेच्या वेळीच व्हावयाची. पहाटे भैरवी झाली की बिदागी मोजून घेऊन ती पहिल्या गाडीने निघून जाई, आणि गावात वर्षभर चर्चा तानाजीच्या तलवारीची होई. तिच्या वाट्याचे प्रवेश थोडे असत, कारण तिच्याबरोबर तालमीला अवधी थोडा मिळे. संहितेतील लांब प्रवेश छाटले जात, कारण पाहुणीला तितके पाठांतर कसे सांगावे? म्हणजे स्त्रीची भूमिका आखूड होण्यामागे केवळ दृष्टिकोन नव्हता, व्यवहारही होता. आणि व्यवहारातून आलेली काटछाट पुढे परंपरा म्हणून मान्य झाली. पाचाडची माता पाचाडच्या पंचक्रोशीतच परकी होऊन वावरली, ती अशी. या नट्यांची नावे नाट्येतिहासाच्या कोणत्याही ग्रंथात आढळत नाहीत, याचे मला अतिशय वाईट वाटते.

चित्रपटाने हा प्रश्न दुसऱ्या अंगाने सोडविला. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, तेव्हा त्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना ती भूमिका दिली, १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर त्याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. त्याच १९१३ मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पुढे आल्या, आणि १९२० च्या ‘सैरंध्री’त बाबूराव पेंटरांनी स्त्रियांनाच स्त्रीभूमिका दिल्या. याच बाबूरावांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला. त्याचा आधार हरि नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी; आणि त्या कादंबरीत कमलकुमारी ही कोंढाण्याचा मोगल किल्लेदार उदयभानू याच्या कैदेतील राजपूत स्त्री कल्पनेने योजिलेली आहे. पडद्याला ही योजना फारच सोयीची ठरली. पोवाड्यातील बहात्तर वर्षांची माता मागे सरकली आणि संकटात सापडलेली तरुण सुंदरी पुढे आली. १९३३ साली प्रभातच्या ‘सिंहगड’ने हीच कथा बोलपटात आणली. २०२० च्या ‘तान्हाजी’पर्यंत या कमलकुमारीची छाया पोचली आहे, त्यात उदयभानूच्या बंदिवासातील कमला नेहा शर्माने केली.

उलट, भालजी पेंढारकरांच्या १९६४ च्या ‘मराठा तितुका मेळवावा’मध्ये सुलोचनाबाईंना जिजाबाईंची भूमिका मिळाली, ती मराठी चित्रपटातील एक अत्यंत विचारपूर्वक केलेली निवड होती असे माझे ठाम मत आहे. सुलोचना हे नावही त्यांना भालजींनीच दिलेले. त्या वेळी त्यांचे वय छत्तीस वर्षांचे; पण त्यांच्या मुद्रेत जे सात्त्विक गांभीर्य होते, आवाज न चढविता आज्ञा देण्याची जी शक्ती होती, तिच्यामुळे त्यांची जिजाबाई थोड्या प्रवेशांतही साऱ्या कथेवर अधिकार गाजविते. पुढच्या पिढ्यांनी जिजाऊ म्हणजे कशी असावी याचे चित्र मनात बांधले, ते पुष्कळ अंशी या चेहऱ्यावरून.

दूरचित्रवाणीचा काळ आला तेव्हा जगभर हाच खेळ निराळ्या वेषात चालू होता. अमेरिकेत १९६६ साली ‘बॅटमॅन’ ही मालिका सुरू झाली. तीत दर काही भागांना एक पाहुणा खलनायक येई, आणि त्यांतील मार्जारवेषधारिणी कॅटवूमन ही भूमिका प्रथम ज्यूली न्यूमार, मग त्याच वर्षीच्या चित्रपटात ली मेरीवेदर, आणि १९६७ मध्ये कृष्णवर्णीय गायिका अर्था किट अशा तिघींनी केली. नायक एकच राहिला, स्त्री मात्र बदलत गेली. तरी आज लोकांच्या स्मरणात तिघीही आहेत. १९७५ साली लिंडसे वॅग्नर ही नटी ‘सिक्स मिलियन डॉलर मॅन’ या मालिकेत दोन भागांसाठी पाहुणी म्हणून आली आणि कथेत तिचा मृत्यूही दाखविण्यात आला, प्रेक्षकांनी इतकी पत्रे धाडली की तिला पुनरुज्जीवित करावे लागले आणि १९७६ मध्ये ‘बायोनिक वूमन’ ही तिची स्वतंत्र मालिका निघाली. प्रेक्षकांनी हट्ट धरला तर पाहुणीला घराची मालकीण करता येते, याचे याहून स्पष्ट प्रमाण कोणते हवे?

आपल्याकडे १९९७ साली दूरदर्शनच्या मालिकेत ‘शक्तिमान’ हा अद्भुत शक्तीचा नायक अवतरला. त्यातील पत्रकार गीता विश्वासची भूमिका आरंभी किटू गिडवानी यांच्याकडे होती, ती लवकरच वैष्णवी महंत यांच्याकडे गेली. आणि काली बिल्ली या खलस्त्रीच्या भूमिकेत आपल्या अश्विनी काळसेकर दिसल्या. पण मराठी दृष्टीने खरी लक्षणीय निवड दुसरीच आहे. २००० साली सुरू झालेल्या ‘सोनपरी’ या बालमालिकेत चमत्कार करणारी परी झालेल्या मृणाल कुलकर्णी यांना २००८ मध्ये स्टार प्रवाहवरील ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत जिजाबाई म्हणून निवडले गेले. त्याआधी १९८० च्या दशकात ‘स्वामी’ मालिकेतील रमाबाई म्हणून महाराष्ट्राने त्यांना पाहिले होते. शिवाय त्या गो. नी. दांडेकरांची नात, म्हणजे दुर्गांच्या वाटा ज्यांच्या घरात बोलल्या-वाचल्या गेल्या त्यांतल्या. ही मालिका नितीन चंद्रकांत देसाई यांची, आणि त्यांनी उभारलेला स्टुडिओ रायगड जिल्ह्यातच कर्जतजवळ. नंतर ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’ आणि तानाजींवरचा ‘सुभेदार’ या चित्रपटांतही त्याच जिजाऊ झाल्या. एकाच नटीने एकाच ऐतिहासिक मातेची भूमिका पंधरा वर्षे सांभाळावी, हे आपल्या पडद्याच्या इतिहासात दुर्मीळ आहे, आणि त्यांच्या संयत वाणीने त्या विश्वासाचे चीज केले आहे.

तथापि एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जिजाबाईंचा जन्म १५९८ चा, महाराजांचा १६३० चा. मायलेकरांत बत्तीस वर्षांचे अंतर. ‘राजा शिवछत्रपती’त मृणाल कुलकर्णी आणि महाराज झालेले अमोल कोल्हे यांच्या वयांत केवळ नऊ वर्षांचे अंतर होते. हा त्या नटीचा दोष नव्हे, निवडीच्या रूढीचा आहे. मातेला नेहमी तरुण ठेवावयाचे, कपाळावर एखादी पांढरी बट रंगवावयाची आणि प्रसंग संपला की तिला आशीर्वाद देऊन पडद्याआड पाठवावयाचे. जिने आपल्या नवऱ्याच्या जहागिरीचा कारभार पाहिला, पुत्र आग्र्यास गेला असता राज्याची धुरा वाहिली आणि शहात्तराव्या वर्षी पुत्राचा राज्याभिषेक डोळ्यांनी पाहिला, त्या स्त्रीच्या वार्धक्यातच तिचे सामर्थ्य आहे. ‘तान्हाजी’त पद्मावती राव यांची जिजाबाई वयाने शोभणारी होती, पण तिला वेळ किती दिला? आणि तानाजींच्या पत्नी सावित्रीबाई, ज्यांची भूमिका त्याच चित्रपटात काजोलने केली, त्यांच्या उमरठच्या घरात लग्नाचा मांडव पडला असता काय कालवाकालव झाली असेल, त्या दृश्याला आपल्या पटकथा क्षणभरच स्पर्श करतात.

या मुलखाने एक कथा मात्र अशी दिली आहे, की जीत पुरुष पाहुणा आहे आणि स्त्री नायिका. रायगडाच्या पायथ्याची हिरकणी गवळण दूध घालण्यास गडावर गेली, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, आणि घरी तान्हे बाळ म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव करून त्या ठिकाणी बुरूज बांधविला, असे सांगतात. या लोककथेत महाराज केवळ शेवटी येतात. २०१९ मध्ये प्रसाद ओक यांनी सोनाली कुलकर्णी यांना घेऊन ‘हिरकणी’ चित्रपट काढला, एस.टी. स्थानकांवरील स्तनदा मातांच्या कक्षांना हिरकणीचे नाव आहे. कोणत्याही अद्भुत शक्तीवाचून, केवळ मातृत्वाच्या ओढीने कडा उतरणारी ही गवळण आमच्या मुलखाची खरी महानायिका होय.

पुढे कोणी निर्माता पुन्हा सिंहगडाची मालिका काढील, आणि काढीलच. त्याला माझी विनंती आहे की त्याने पहिला मुक्काम पाचाडला करावा, दुसरा उमरठला. जिजाबाईंसाठी सत्तरीची नटी शोधावी. मराठी रंगभूमीवर अशा समर्थ नट्या आजही आहेत आणि त्यांना काम नाही. सावित्रीबाईंसाठी महाड-पोलादपूरकडची बोली जिच्या तोंडी जन्मतः आहे अशी मुलगी इथल्याच महाविद्यालयांतून, इथल्याच मंडळांतून निवडावी, आणि तिला शेवटच्या तालमीला न बोलावता पहिल्या दिवसापासून बोलवावे.