महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेतील शेती

महाराष्ट्रातील बहुतांश शेती कोरडवाहू आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा विस्तृत पट्टा असून तेथील शेतकऱ्याची पत पाऊस व बाजारभाव या दोन अनिश्चित गोष्टींवर अवलंबून राहिली आहे.

ब्रिटिश अंमलात रयतवारी पद्धतीनुसार जमीनमहसूल खातेदाराकडून थेट व रोखीत घेतला जाई. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास अनेक तालुक्यांत साऱ्याची आकारणी वाढविण्यात आली. परिणामी १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दख्खनच्या दंग्यांना सुरुवात झाली व शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. १८७९ च्या अधिनियमाने कर्जदार शेतकऱ्यांना न्यायालयात काही संरक्षण दिले. पतपुरवठ्याची पर्यायी व्यवस्था मात्र १९०४ च्या सहकारी पतसंस्था अधिनियमानंतरच उभी राहू लागली.

या सहकारातूनच विठ्ठलराव विखे पाटील व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरानगर येथे शेतकऱ्यांचा साखर कारखाना स्थापन होऊन १९५० मध्ये तेथे गाळप सुरू झाले. अशा कारखान्यांमुळे ग्रामीण भागात रस्ते, शाळा व रोजगार आले. तथापि लागवडीखालील क्षेत्राचा लहानसा भाग व्यापणारा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो; त्यामुळे बागाईत व जिराईत प्रदेशांतील अंतर वाढत गेले.

१९७२-७३ च्या दुष्काळात लक्षावधी लोकांनी सरकारी कामांवर खडी फोडून निर्वाह केला. त्याच काळात सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या अधिनियमाने वैधानिक स्वरूप मिळाले. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी अधिनियमास हीच योजना पायाभूत ठरली.

१९६० मध्ये राज्य स्थापन झाल्यापासून उद्योग व सेवा यांच्या वाढीमुळे राज्याच्या उत्पन्नातील शेतीचा वाटा घटत गेला. २०११ च्या जनगणनेच्या सुमारास तो एक-पंचमांशाहूनही कमी होता. मात्र त्या जनगणनेनुसार काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक शेतकरी वा शेतमजूर होते. उत्पन्न शेतीबाहेर गेले, पण माणसे शेतीतच राहिली. ग्रामीण कर्जबाजारीपणा व शहरांकडील स्थलांतर यांचे मूळ बहुतांशी या विसंगतीत आहे.