६ ऑक्टोबर १५७३ : मायकेन वेन्स यांना अग्निदंड

स्पॅनिश राजवटीतील अँटवर्प शहरात या दिवशी मायकेन वेन्स या गृहिणीला जिवंत जाळण्यात आले. त्या गवंडीकाम करणाऱ्या मेनोनाइट धर्मोपदेशकाच्या पत्नी होत्या. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाचा नव्हे, तर समजून-उमजून श्रद्धा स्वीकारणाऱ्या प्रौढाचा व्हावा, अशी या पंथाची धारणा. तीच सत्तेच्या लेखी गुन्हा ठरली.

एप्रिलमध्ये अटक झाली. छळ सोसूनही मायकेन यांनी श्रद्धा सोडली नाही. तुरुंगातून त्यांनी पतीला आणि थोरल्या मुलाला, आद्रियानला, पत्रे लिहिली.

वधस्तंभाकडे नेताना त्यांनी लोकांशी बोलू नये म्हणून जीभ लोखंडी स्क्रूने आवळण्यात आली. पंधरा वर्षांचा आद्रियान तीन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन बाकावर उभा होता. आईला खांबाला बांधताच तो शुद्ध हरपून कोसळला. शुद्धीवर आल्यावर त्याने राख चाळली आणि तो स्क्रू शोधून जपून ठेवला.

थीलेमान फान ब्राख्त यांनी १६६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मार्टर्स मिरर’ या हुतात्मा-चरित्रग्रंथात ही हकिकत आहे. त्याच्या १६८५ च्या आवृत्तीत राख चाळणाऱ्या मुलांचे चित्र आहे. पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मेनोनाइट शेतकरी कुटुंबांसाठी या ग्रंथाचा जर्मन अनुवाद १७४८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एफ्राटा येथे छापण्यात आला.