दोन जागा सोडून लिहा

जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ साली ‘रूबी’ ही संगणकभाषा लोकांपुढे ठेवली, ती लिहिणाऱ्याला आनंद व्हावा म्हणून. ‘मॅप’ म्हणा की ‘कलेक्ट’, काम तेच! पण वाचणाऱ्याच्या आनंदाचं काय? चौघांची चार वळणं म्हणजे दुसऱ्याची चूक सापडायची पंचाईत. तेव्हा बल्गेरियाच्या बोझिदार बात्सोव्ह यांनी नियमावली मांडली: आतली ओळ दोन जागा सोडून, ‘मॅप’च म्हणा, अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी ते एकदाच ठरवा. २०१२ साली त्यांनी तपासनीसही नेमला, ‘रूबोकॉप’, नावातच पोलीस! त्याची ओळ ८० अक्षरांची, म्हणजे १९२८ च्या पंचकार्डाइतकी. २०२० मध्ये ती १२० झाली. पूर्वी सहकारी एकमेकांशी भांडत. आता सगळे मिळून पोलिसावर चिडतात. एकी म्हणतात ती हीच!