धाराशिवची लेणी: हा मठ कोणाचा?

लातूरहून धाराशिवला आपण कामानिमित्त नेहमी जातो, पण गावापासून आठेक किलोमीटरवरच्या लेण्यांकडे वाट वाकडी करत नाही. आज करू.

दुसऱ्या लेण्यात शिरलो की सुमारे ८० फुटांचा मंडप लागतो. कडेनं साधूंच्या राहायच्या लहान खोल्या. मठच हा! पण कोणाचा? गाभाऱ्यातली पद्मासनातली मूर्ती काहींना बुद्ध वाटते, काहींना पार्श्वनाथ. अभ्यासकांचा वाद मिटलेला नाही.

आता गंमत बघा. अकराव्या शतकात मुनी कनकामरांनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ रचलं. त्यातला करकंड राजा तेरपूरजवळच्या, म्हणजे आपल्या तेरजवळच्या, डोंगरात लेणं बघायला येतो. ते तेव्हाच जुनं होतं! त्याच शतकात, १०८४ साली, फ्रान्समध्ये कार्थुसियन साधूंचा पहिला मठ कुठं उभा राहत होता.

म्हणजे जुनं बघायला येणारे आपण काही पहिले नाही. कथेतल्या राजानं तिथं आणखी लेणी खोदवली. आपल्याला नवं खोदायचं नाही. मठ कोणाचा ते ठरेल तेव्हा ठरेल. तोवर भिंतींवर नावं कोरू नयेत, एवढं तरी आपल्या हातात आहे.