राणीची परीक्षा

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या भुयारी गाभाऱ्यात उतरताना, ह्या तीर्थाचा उगमच एका त्वचारोग्याच्या कथेत आहे, हे मनातून जात नाही. एलिचपूरच्या श्रीपाल राजाने, ज्याला वऱ्हाडात ईल राजा म्हणतात, कुष्ठाने जर्जर असताना वाटेतल्या एका जलाशयात हातपाय व तोंड धुतले; तेवढाच भाग निर्मळ झालेला राणीच्या दृष्टीस पडला; तिच्या सांगण्यावरून दुसऱ्या दिवशी सर्वांगस्नान करून तो रोगमुक्त झाला आणि त्याच जलातून ही मूर्ती वर आली, अशी परंपरा आहे. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी ‘विविधतीर्थकल्पा’त ह्या तीर्थाची कथा नोंदवली. तीतली राणी मला विशेष मोलाची वाटते. आधी थोड्या अंगावर, मग सर्वांगावर, हा क्रम तिने ओळखला.

तोच क्रम आजच्या मलमांनाही लावायला हवा. औषधी अळंबीचा अर्क घातलेली मलमे आज कांतीसाठी विकली जातात, त्यांना परंपरेचा दाखला जोडला जातो. तो दाखला तपासला पाहिजे. कोकणात फणसाच्या खोडावर उगवणारी फणसांबा ही अळंबी सहाणेवर उगाळून देतात, ती लहान मुलांचे तोंड आले असता. आणि त्या एका नावाखाली फेलिनस प्रजातीतील एकाहून अधिक जाती वावरतात. चरकसंहितेने सर्पच्छत्रक वगळून इतर छत्रजाती (अळंब्या) शीत, मधुर, गुरू व पीनसकारक (पडसे आणणाऱ्या) म्हटल्या. कांतीचा तेथे उल्लेख नाही.

आधुनिक पुरावाही अद्याप दुबळा आहे. अळंबीतील बहुशर्करा व ट्रायटर्पिनॉइड द्रव्ये दाह शमवतात असे काचपात्रातील पेशींवर दिसते. परंतु माणसांच्या कातडीवरील प्रयोग थोडे आणि लहान आहेत, शिवाय अळंबीची जात, ती ज्यावर वाढते ते आधारद्रव्य व अर्क काढण्याची रीत बदलली की द्रव्यही बदलते. अळंबी जमिनीतले कॅडमियम, पारा शोषून घेते, म्हणून कच्च्या मालाची तपासणी अगत्याची. निसर्गाचे म्हणून निर्धोक, हेही खरे नव्हे: शिताके अळंबी कच्ची खाल्ल्याने काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात, हे जपानमध्ये 1977 साली प्रथम वर्णिले गेले.

शिरपूरच्या मूर्तीची व्यवस्था व तिच्यावरील लेप ह्यांचा कज्जा 1929 मध्ये थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. दस्तऐवज, साक्षी, फैसले, सारे झाले. माणसाच्या देहावरील लेपालाही साक्ष मागितली पाहिजे. मलम घेणाऱ्याने ते कोपराच्या आतल्या बाजूस दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहावे, आणि खाज किंवा लाली दिसताच धुऊन टाकून वैद्याकडे जावे.